मास्तर मंडईत

मास्तर निवडून आला की पहिल्याच सभेत ओळखू येतो. बाकीचे सभासद खुर्चीत मागे रेलून, हातात मोबाइल धरून निवांत बसलेले असतात. हा मात्र कागद नीट जुळवतो, चष्मा वर सरकवतो आणि सभागृह शांत होण्याची वाट बघत उभा राहतो. सभागृह शांत होत नाही. नुसतं दारात उभं राहून साठ पोरं गप्प करण्यात त्याचं आयुष्य गेलेलं असतं, त्यामुळे हा वर्ग आपला नाही हे लक्षात यायला त्याला वर्षभर लागतं. शेवटी तो बोलू लागतो, आणि सुरुवात करतो ती ‘मागच्या सभेत आपण काय पाहिलं?’ अशी. मागच्या सभेत सगळ्यांनी भत्त्याच्या रजिस्टरावर सही केल्याचं तेवढं आठवत असतं.

तालुक्यातालुक्यात असे एखादे सर असतातच. निवृत्तीनंतर लोकांच्या आग्रहाला बळी पडून सरपंच झालेले, किंवा पंचायत समितीवर गेलेले. ग्रामसेवकाने लिहिलेलं इतिवृत्त ते लाल शाईने तपासतात आणि ‘पाणीपुरवठा’मधल्या ऱ्हस्व-दीर्घासाठी ठराव तहकूब ठेवतात. ग्रामसेवक मग बदलीचा अर्ज करतो. गावात पाणी नाही ही तक्रार घेऊन आलेल्याला ते आधी बसायला सांगतात, मग अर्ज लिहायला सांगतात, आणि अर्जात मायना नसला तर परत पाठवतात. विरोधी पॅनेलचा पुढारीही त्यांचाच विद्यार्थी निघतो. त्यामुळे वाद रंगात आला की भर सभेत ‘तू सातवीत काय दिवे लावलेस ते सांगू का?’ हे वाक्य येतं, आणि त्यापुढे लोकशाहीला बोलायला जागा उरत नाही.

अशा सरांची टिंगल सोपी आहे, मीही आत्ता केलीच. पण पुण्याच्या नगरपालिकेचा जुना इतिहास चाळला की हसू जरा आवरावं लागतं. ज्या संस्थेवर नळ, गटारं आणि दिवाबत्तीची जबाबदारी, तिच्यात निदान तीन थोर मास्तर येऊन बसले होते. (लोकमान्य टिळक धरले तर चार. न्यू इंग्लिश स्कूल काढणाऱ्यांत ते होते आणि १८९५मध्ये मुंबईच्या कायदे कौन्सिलातही गेले. पण टिळकांना कुठल्याही यादीत घेतलं की यादी त्यांचीच होऊन जाते, म्हणून त्यांना इथे कंसात ठेवतो.) या तिघांनाही आपली मास्तरकी दाराबाहेर ठेवता आली नाही, आणि त्यांच्या कारकिर्दीतला वाचण्यासारखा भाग नेमका तोच आहे.

पहिले जोतीराव फुले. १८४८मध्ये भिडे वाड्यात मुलींची शाळा काढणारे फुले १८७६च्या सुमारास पुणे नगरपालिकेचे सभासद झाले. तेव्हा सभासद सरकार नेमत असे. ही नेमणूक करताना सरकारने शिक्षणाचं काम पाहिलं, की हे गृहस्थ धंद्यात स्थिरावलेले बांधकाम कंत्राटदार आहेत हे पाहिलं, कोण जाणे. शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हंटर आयोगाला १८८२मध्ये त्यांनी जे निवेदन दिलं, त्यात स्वतःची ओळख व्यापारी, शेतकरी आणि म्युनिसिपल कमिशनर अशी करून दिली आहे. नगरपालिकेच्या सभासदाला तेव्हा कमिशनर म्हणत. शिक्षणावरच्या निवेदनाखाली ‘शिक्षक’ म्हणून सही करावी असं त्यांना वाटलं नाही. किंवा मास्तरच्या सहीला सरकारदरबारी किती वजन असतं, हे त्यांना पुरतं ठाऊक असावं.

कंत्राटदार नगरसेवक आपण पुष्कळ पाहतो. बांधकामाला विरोध करणारा कंत्राटदार नगरसेवक मात्र पुण्याने एकदाच पाहिला. शहरात भाजीबाजारासाठी भव्य इमारत बांधायची टूम निघाली. भाजी शनिवारवाड्यासमोरच्या मैदानात विकली जात होती आणि भाजी म्हणून ती उत्तम होती. फुल्यांचं म्हणणं असं, की लाखो रुपये दगडात घालण्यापेक्षा ते शिक्षणावर खर्च करा. व्हाइसरॉय पुण्याला येणार म्हणून स्वागताला एक हजार रुपये मंजूर करायची वेळ आली, तेव्हाही याच एका माणसाचं मत विरुद्ध पडलं, बाकी सगळे कमानी आणि पताकांच्या बाजूचे. हे पैसे शाळांना द्या, हे त्यांचं पालुपद दोन्ही वेळा तेच होतं. कुठलाही विषय निघो, मास्तरांची गाडी अखेर शाळेवर येते, अशी सहकाऱ्यांनी कुजबुज केली असणार. आजही शिक्षण समितीच्या सभापतींबद्दल तीच करतात.

सभागृहातल्या माणसाला समोरचे सभासद दिसतात. फुल्यांना खिडकीबाहेरची, शाळेत न आलेली पोरं दिसत. हंटर आयोगापुढे त्यांनी मागणी केली ती प्राथमिक शिक्षण सक्तीचं करण्याची, वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत. मास्तरांचे पगार वाढवा, मास्तर शेतकऱ्यांच्या वर्गातून घ्या, हेही सांगून ठेवलं. आयोगाने ऐकून घेतलं. आयोगांना हे काम चांगलं जमतं.

मंडई अर्थातच झाली. १८८६मध्ये, गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या कारकिर्दीत. अष्टकोनी, मधोमध उंच मनोरा, दगडी कमानी, आणि नावही ‘रे मार्केट’. मास्तर हरले. ती इमारत इतकी देखणी आहे की मास्तर हरले तेच बरं झालं, असं कांदे घेताना माझ्या मनात येऊन जातं. पण मी शाळेत गेलेला माणूस आहे. न गेलेल्याला विचारलं तर उत्तर वेगळं येईल.

दुसरे मास्तर गोपाळ कृष्ण गोखले, आणि यांच्यापाशी मला जास्त वेळ थांबायचं आहे, कारण राजकारणात गेलेल्या मास्तरचं सगळं थोरपण आणि सगळी पंचाईत या एका माणसात आहे. जन्म १८६६चा, गुहागर तालुक्यातल्या कोतळूकचा. एल्फिन्स्टन कॉलेजातून पदवी घेऊन १८८५मध्ये न्यू इंग्लिश स्कूलमध्ये मास्तर झाले तेव्हा वय अठरा. पुढे डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सभासद: महिना पंचाहत्तर रुपये आणि वीस वर्षं सेवा करण्याचं बंधन. फर्ग्युसन कॉलेजात त्यांनी आधी इंग्रजी शिकवलं, मग गणित, मग इतिहास आणि अर्थशास्त्र. ज्या विषयाचा प्राध्यापक नसेल तो विषय गोखल्यांच्या गळ्यात. लहान शाळांतल्या शिक्षकांना हे सांगायला नको. विज्ञानाच्या बाई रजेवर गेल्या की चित्रकलेच्या सरांनाच बेडकाचं हृदय शिकवावं लागतं.

गणित शिकवता शिकवता त्यांनी अंकगणिताचं पुस्तक तयार केलं. ते मॅकमिलन कंपनीने छापलं आणि वर्षानुवर्षं शाळांतून चाललं. टाकीला दोन नळ, एक भरणारा आणि एक गळणारा, अशा गणितांनी पोरांच्या पिढ्यांचा जो छळ झाला, त्यात भावी नेमस्त पुढाऱ्याचाही हात होता, हे इतिहासाच्या पुस्तकात सहसा सांगत नाहीत.

१८९९मध्ये गोखले मुंबई कायदे कौन्सिलात गेले. १९०१मध्ये जमीन महसुलाच्या कायद्यातली दुरुस्ती आली. शेतकऱ्यांची जमीन सावकाराकडे जाऊ नये म्हणून ती सरकारने आपल्याच हातात ठेवायची, असं साधारण तिचं स्वरूप होतं. गोखल्यांनी आकडे मांडून विरोध केला आणि आकड्यांना कोणी दाद देईना. तेव्हा फिरोजशहा मेहता उठून बाहेर गेले आणि त्यांच्यामागे गोखलेही. आपल्याकडे सभात्याग आता रोजचा झाला आहे, सभासद चहा प्यायलासुद्धा सभात्याग करून जातात. पण तास संपायच्या आत वर्ग सोडून जाणं मास्तरच्या जिवावर येतं. घंटा होईपर्यंत थांबायची सवय इतकी मुरलेली असते की गोखल्यांना त्या दाराबाहेर पाऊल टाकताना काय वाटलं असेल, याची मला उत्सुकता आहे.

१९०२मध्ये ते फर्ग्युसनमधून निवृत्त झाले आणि कलकत्त्याच्या वरिष्ठ कायदे कौन्सिलात दाखल झाले. तिथली पद्धत गमतीची होती. सभासदांनी अंदाजपत्रकावर बोलावं, मत मात्र देऊ नये. भाषण करा, टाळ्या घ्या, खाली बसा. अंदाजपत्रक होतं तसं मंजूर. दुसरा कोणी असता तर शेरोशायरी करून मोकळा झाला असता. गोखले अभ्यास करून गेले. २६ मार्च १९०२च्या आपल्या पहिल्याच अंदाजपत्रकीय भाषणात त्यांनी सरकारला त्याचीच वही दाखवली. सरकार दर वर्षी शिल्लक दाखवून पाठ थोपटून घेत होतं. देशात तर नुकताच (विक्रम संवताच्या मोजणीने) छप्पन्नचा दुष्काळ होऊन गेलेला. गोखल्यांनी शांतपणे सांगितलं, की ही शिल्लक भरभराटीची नव्हे. लोकांकडून गरजेपेक्षा जास्त कर घेतला जातो आणि रुपयाचा दर चढा ठेवला आहे, म्हणून ती दिसते. म्हणजे उत्तर बरोबर आलं तरी रीत चुकली. रीत चुकली की गुण कापायचे, ही अंकगणिताच्या मास्तरची जुनीच शिस्त.

त्या भाषणाने ते देशभर गाजले. मिठावरचा कर मणाला अडीच रुपये होता; तो १९०३मध्ये दोन, १९०५मध्ये दीड आणि १९०७मध्ये एक रुपया झाला. त्याचं सगळं श्रेय एका मास्तरला देणं इतिहासाला धरून होणार नाही. पण दर वर्षी तोच मुद्दा, तेच कोष्टक, तोच शांत आवाज समोर उभा राहिला, तर साहेबालाही कधीतरी ‘घे बाबा’ म्हणावंसं वाटत असेल. मुलांच्या बाबतीत हा उपाय लागू पडतो. वर्गात पाढे रोज म्हटले जातात, ते मुलांना आवडतात म्हणून नव्हे.

याच काळात पुणे नगरपालिकेचं अध्यक्षपदही त्यांच्याकडे होतं. हिवाळ्यात कलकत्त्याला साम्राज्याचा जमाखर्च, आणि पुण्यात परतलं की पेठेतली तुंबलेली गटारं. व्हाइसरॉय कर्झन त्यांच्या भाषणाला मान डोलावतो, आणि पुण्यातला पेन्शनर मात्र कोपऱ्यावरचा कंदील लागला नाही म्हणून घरी येऊन सुनावतो. या दोन श्रोत्यांत जास्त कडक कोण, हे पुण्यात राहणाऱ्याला सांगावं लागू नये. मला वाटतं, मोठ्या सभागृहात जाणाऱ्या प्रत्येकाला आधी एका पेठेचं पाणी सांभाळायला लावावं. पाण्याला भाषण कळत नाही. ते एक तर नळाला येतं, नाही तर येत नाही.

मग १९११. गोखल्यांच्या कारकिर्दीतली सगळ्यात मास्तरकीची गोष्ट. १६ मार्चला त्यांनी प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं. विधेयक इतकं नम्र होतं, की आज वाचताना त्याच्याबद्दल माया वाटते. सरसकट सक्ती नाही. जिथे मुलं आधीच बऱ्यापैकी शाळेत जातात, अशाच ठिकाणी. तिथल्या नगरपालिकेची किंवा लोकल बोर्डाची इच्छा असली तर. शिवाय सरकारची परवानगी मिळाली तर. आणि तेही फक्त सहा ते दहा वर्षांच्या मुलग्यांना, मुलींचं पुढे बघू. ज्या बापाची कमाई महिना दहा रुपयांहून कमी, त्याला फी माफ. खर्चाचे दोन वाटे सरकारचे, एक वाटा स्थानिक संस्थेचा. फुल्यांनी एकोणतीस वर्षांपूर्वी मागितलेल्यातला हा चतकोर. समोरच्याला पचेल इतकाच घास भरवायचा, उरलेला उद्या. हे चांगल्या मास्तरचं लक्षण आहे आणि वाईट पुढाऱ्याचं. पुढारी अख्खी भाकरी मागतो, तेव्हा त्याला चतकोर मिळतो. चतकोर मागणाऱ्याच्या ताटात काय पडतं ते वर्षभरात दिसलं.

विधेयक गावोगावी मतं मागवायला पाठवलं. मतं आली. सरकारी अधिकारी म्हणाले पैसा नाही. जमीनदार म्हणाले शेतावर राखणीला कोण जाईल. काही शहाण्यांनी लोकांची अजून तयारी नाही म्हटलं. शिक्षण नसल्यामुळे तयारी नाही आणि तयारी नसल्यामुळे शिक्षण नाही, ही भिंगरी कशी थांबवायची हे गोखल्यांच्या अंकगणितात नव्हतं. मार्च १९१२मध्ये मतदान झालं. बाजूने तेरा, विरुद्ध अडतीस. हिशेब केला तर शेकडा पंचवीसच्या किंचित वर. पस्तीसला पास धरणाऱ्या आपल्या शाळेत हा मास्तर नापास. १९ फेब्रुवारी १९१५ला, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, ते गेले.

नगरपालिकांना सक्ती करण्याची मुभा देणारा कायदा मुंबई इलाख्यात १९१८मध्ये विठ्ठलभाई पटेलांच्या खटपटीने झाला, आणि देशपातळीवर मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क लागू झाला १ एप्रिल २०१० रोजी. फुल्यांच्या निवेदनापासून मोजलं तर एकशे अठ्ठावीस वर्षं. इतक्या उशिरा गृहपाठ आणणाऱ्याला कुठल्या मास्तरने वर्गात घेतलं असतं? पण घेतलं. मास्तर तो गृहपाठ बघायला उरले नव्हते, त्यामुळे शिक्षा टळली.

तिसरे मास्तर आले आणि सभागृहाला एकदम कंठ फुटला. प्रल्हाद केशव अत्रे. सासवडजवळच्या कोडीतचे, १८९८चे. पुण्याच्या कॅम्पातल्या इंग्रजी शाळेचे हेडमास्तर, लंडनहून शिक्षणशास्त्राची पदविका घेऊन आलेले, ‘झेंडूची फुले’ लिहून मोठमोठ्या कवींची टोपी उडवणारे, आणि ‘नवयुग वाचनमाला’ काढून मराठी क्रमिक पुस्तकांतली मरगळ झटकणारे. मुलाला पुस्तक वाचताना मजा आली पाहिजे, हा विचार तेव्हा शिक्षणखात्याला बंडखोर वाटला असेल. अजूनही त्या खात्याला तो पूर्ण पटलेला दिसत नाही.

१९३०च्या दशकाच्या अखेरीला अत्रे काँग्रेसतर्फे पुणे नगरपालिकेत निवडून आले आणि स्थायी समितीचे अध्यक्ष झाले. स्थायी समिती म्हणजे तिजोरीची किल्ली. ‘दिनूचे बिल’ तुम्ही-आम्ही शाळेत वाचलं. मुलाने आईला केलेल्या कामाचं बिल द्यावं आणि आईने आपल्या बिलाची रक्कम शून्य लिहावी, ही ती गोष्ट. ती लिहिणारा माणूस कंत्राटदारांची बिलं मंजूर करायला बसला होता. तिथे शून्य रकमेचं बिल आलं असतं तर हिशेब तपासनिसाने आक्षेप घेतला असता.

हजेरी घेणाऱ्या हेडमास्तरला नावं चुकलेली खपत नाहीत. अत्र्यांनी शहराची नावं तपासायला घेतली. भांबुर्ड्याचं शिवाजीनगर झालं, त्याचं श्रेय त्यांच्याकडेच जातं. (सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर भांबुर्डा अजून ठाण मांडून आहे. सरकारी दप्तराला नवा धडा पाठ व्हायला वेळ लागतो.) आणि रे मार्केटचं नाव झालं, महात्मा फुले मंडई.

इथे थोडं थांबावंसं वाटतं. ही इमारत बांधू नका, पैसा शाळांना द्या, असं ज्या मास्तरने सांगितलं, त्याचंच नाव त्या इमारतीला एका दुसऱ्या मास्तरने दिलं. फुले असते तर म्हणाले असते, ‘नाव काढून घ्या आणि भाड्याचे पैसे शाळेला द्या.’ अत्र्यांचं उत्तर काय आलं असतं, तेही त्यांच्या लाडक्या अतिशयोक्तीसकट ऐकू येतं: गेल्या दहा हजार वर्षांत असा विरोध कोणी केला नाही, म्हणूनच नाव दिलं! दोघांचंही बरोबर आहे. विरोधकाचं नाव शाळेला देण्याइतके मोठे लोक अधूनमधून होतात, पण त्याने ज्या वास्तूला विरोध केला तिलाच त्याचं नाव चिकटवण्याची युक्ती अत्र्यांनाच सुचू जाणे. पुढे १९५४मध्ये त्यांनी ‘महात्मा फुले’ हा चित्रपटही काढला, तेव्हा ही भक्ती नुसत्या पाटीपुरती नव्हती.

गोखल्यांचा श्रोता पहिल्या बाकावरचा होता: कोट घातलेला, इंग्रजी समजणारा, टिपणं काढणारा. अत्र्यांची नजर शेवटच्या बाकावर. ते पोर हसलं तर वर्ग आपला, हे हेडमास्तरांना ठाऊक होतं. शिवाजी पार्कवर लाख माणसं त्याच हिशेबाने बसवून ठेवली. १९५७मध्ये संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत ते विधानसभेत गेले, आणि राज्य होणार हे ठरल्यावर त्याला मुंबई नव्हे तर महाराष्ट्र हेच नाव हवं म्हणून हटून बसणाऱ्यांत पुढे होते. पेठेपासून राज्यापर्यंत, या गृहस्थांनी पाटीवरचं नाव शुद्ध होईपर्यंत कोणाला जागेवर बसू दिलं नाही. अंकगणितात मात्र अत्रे कच्चे होते असं मला वाटतं. त्यांच्या दहा हजार वर्षांचा हिशेब गोखल्यांनी तपासला असता तर त्या भाषणांचं काही खरं नव्हतं.

मंडईच्या परिसराला पुणेकर ‘मंडई विद्यापीठ’ म्हणतात. तिथल्या कट्ट्यावर राजकारणाचे वर्ग भरतात, प्रचाराच्या सांगता सभा होतात, आणि बाहेर टिळकांचा पुतळा पर्यवेक्षकासारखा उभा आहे. (काढलं ना शेवटी कंसाबाहेर!) आता खाली जमिनीत मेट्रोचं स्टेशन झालं आहे. या विद्यापीठात प्रवेश परीक्षा नाही, फी नाही आणि सगळे विद्यार्थी कुलगुरूंच्या थाटात बोलतात.

मधल्या काळात रस्त्याची दिशा उलटली. पूर्वी माणूस शाळेतून राजकारणात जायचा. १९८३मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली, तेव्हापासून माणसं राजकारणातून शाळेत येऊ लागली, येताना ट्रस्ट घेऊनच. स्वतः वसंतदादांचं शिक्षण बेताचं; ज्यांना सरकारी कॉलेजात जागा मिळत नाही त्या पोरांनी परराज्यात का जावं, हा त्यांचा सरळ प्रश्न होता, आणि तो खोटा नव्हता. पण कॉलेज काढणाऱ्यांना शिक्षणमहर्षी ही पदवी लागली, ती शिकवणाऱ्यांना कधी लागली नव्हती. महर्षींकडे तास नसतो, त्यांच्याकडे जागा असतात: काही भरायच्या, काही राखून ठेवायच्या.

मग आजचा मास्तर निवडणुकीत असतो कुठे? मतदान केंद्रावर. शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ शिक्षकांना अशैक्षणिक कामं लावू नका म्हणतं आणि त्याच दमात तीन कामं वगळतं: जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका. म्हणून जिल्हा परिषदेचे गुरुजी आदल्या दिवशी यंत्राची पेटी, शाईची बाटली आणि पाकिटांचा गठ्ठा घेऊन एसटीने निघतात. मुक्काम दुसऱ्याच कुठल्या शाळेत, पहिलीच्या बुटक्या बाकांवर. पहाटे यंत्र लावतात, अभिरूप मतदान घेतात, दिवसभर लोकांच्या बोटाला शाई लावतात आणि रात्री उशिरा पेट्या जमा करून पावती घेतात. निवडून येणाऱ्याचं नाव गुरुजींना मतमोजणीनंतर वर्तमानपत्रात कळतं. स्वतः उभं राहायचं म्हटलं तर सरकारी नोकरीचे नियम आडवे येतात.

आता म्हणाल, शिक्षकांसाठी खास मतदारसंघ आहेच की. आहे. विधान परिषदेच्या अठ्ठ्याहत्तर जागांपैकी सात शिक्षकांच्या: मुंबई, कोकण, पुणे, नाशिक, औरंगाबाद, अमरावती आणि नागपूर. पण तिथे मत द्यायला माध्यमिक किंवा त्यावरच्या संस्थेतला शिक्षक लागतो, तसं राज्यघटनेतच लिहिलं आहे. प्राथमिक शाळेच्या गुरुजींना शिक्षक मतदारसंघात मत नाही. पदवी असेल तर त्यांनी पदवीधरांच्या रांगेत उभं राहावं. म्हणजे ज्या शिक्षणासाठी एक मास्तर हंटरसाहेबाची पायरी चढला आणि दुसऱ्याने तेरा मतं घेऊन हार पत्करली, ते शिक्षण देणारा माणूस शिक्षक म्हणून मतदार नाही. उलट त्या जागेला उभं राहणाऱ्या उमेदवाराने कधी खडू हातात धरलेला असावा, अशी अट कायद्यात कुठेही नाही. हे बदलायला हवं असं मला वाटतं. मास्तर नगरपालिकेत, पंचायत समितीत, विधान परिषदेत हवेत, भरपूर हवेत. ते ऱ्हस्व-दीर्घासाठी ठराव अडवतील, पाल्हाळ लावतील, हरतीलही, पण निदान कागद वाचून येतील.

तोवर, ज्या शिक्षक वाचकांना मत आहे त्यांना एक विनंती. या मतदारसंघात मतपत्रिका कागदाची असते आणि पसंतीचा क्रम आकड्यात घालायचा असतो. तरीही दर निवडणुकीत शिक्षकांचीच मतं बाद होतात. जन्मभर वह्या तपासल्यावर हात आपोआप बरोबरची खूण करतो. तेव्हा केंद्रावर देतील त्याच पेनने लिहा, कुठे सही करू नका, शेरा मारू नका, बरोबरची खूण तर मुळीच करू नका. आवडत्या उमेदवारापुढे १ घाला, आणि तोही अक्षरात नव्हे, अंकात.